जीपगाडीचा जीर्णोद्धार

इतिहास म्हटला की आपल्यापुढे किल्ले, ताम्रपट, शिलालेख आणि राजांच्या वंशावळी उभ्या राहतात. नांदेड जिल्ह्यात कंधारचा किल्ला आहे, देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन देवळे आहेत. लातूरकडे औसा आणि उदगीर येथील दुर्ग आहेत. त्यांचा अभिमान आपण बाळगतो तो योग्यच आहे. परंतु स्वातंत्र्यानंतरचा मराठवाडा कसा घडला याची साक्ष देणाऱ्या वस्तू दगडाच्या नाहीत. त्या पत्र्याच्या, रबराच्या आणि कागदाच्या आहेत; म्हणून त्या लवकर नाहीशा होतात आणि नाहीशा झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली चार विटांवर टेकवून ठेवलेली जुनी जीपगाडी ही अशीच एक वस्तू होय. ती थोडक्या पैशात पुन्हा चालती कशी करावी, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजातील मिस्त्रीचा आहे. आमच्या मते तो इतिहासाचाही प्रश्न आहे. कारण जी वस्तू कशी घडली हे ठाऊक नसते, ती नीट दुरुस्तही करता येत नाही.

प्रथम आपल्या भूमीकडे पाहू. मनमाडहून हैदराबादला जाणारा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडवरून धावू लागला. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ मध्ये आली. मोटारीच्या बाबतीत हैदराबाद संस्थान मागे नव्हते. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली, आणि अशा प्रकारची सेवा हिंदुस्थानात प्रथमच निघत होती. तथापि रेल्वे ठाण्यापर्यंत आणि बस मोठ्या गावापर्यंत. त्यापुढे बैलगाडीचे राज्य होते. आणि पावसाळ्यात तेही डळमळत असे. आपली काळी रेगूर जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पाऊस पडताच पाणी पिऊन फुगते. मग ती माती चाकाला नुसती लागत नाही, चिकटून बसते. टायरच्या खाचा बुजवून टाकते आणि चाकाचे गुळगुळीत लोटके करून सोडते. मांजरा, तेरणा, मन्याड, लेंडी या नद्यांना पूर आला म्हणजे कित्येक गावे बाहेरच्या जगाशी फारकत घेत. अशा मुलखात मागच्या दोनच चाकांना जोर देणारी मोटार जूनपासून ऑक्टोबरपर्यंत निरुपयोगीच ठरे.

ज्या वाहनाने ही कोंडी फोडली त्याचा जन्म मात्र युद्धाच्या गरजेतून झाला. १९४० साली अमेरिकेच्या सैन्याला हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या टेहळणी गाडीची निकड भासली. नमुना तयार करण्यास मुदत दिली होती अवघी ४९ दिवसांची! बॅन्टॅम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने दोन दिवसांत आराखडे काढले आणि सप्टेंबर १९४० मध्ये पहिली गाडी सैन्याच्या हवाली झाली. पुढे मोठे काम विलीज-ओव्हरलँड कंपनीला मिळाले. तिचे २१९९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन या वर्गात सरस ठरले. परंतु एकट्या विलीजला मागणी पुरवता येईना, म्हणून फोर्ड कंपनीला त्याच आराखड्यावरून गाड्या करण्यास सांगण्यात आले. महायुद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार गाड्या बांधल्या.

या हकिकतीतील एक मुद्दा आमच्या विषयाच्या मुळाशी आहे. दोन परस्परविरोधी कारखाने एकाच आराखड्यावर काम करीत होते, आणि विलीजच्या गाडीचा भाग फोर्डच्या गाडीला बसलाच पाहिजे ही सैन्याची अट होती. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक धड गाडी उभी करता यावी हा त्यामागील हेतू. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर इंग्रजी 'एफ' अक्षर उठवले होते. म्हणून आजही एखादी जुनी विलीज उलगडताना तिच्यात फोर्डचे बोल्ट सापडतात. जीप टिकली ती केवळ बळकट होती म्हणून, असा समज आहे. वस्तुतः तिच्याहून बळकट गाड्या पुष्कळ होत्या. ती टिकली, कारण ती उलगडता येत होती आणि पुन्हा जुळवता येत होती. गरिबाला परवडणारी वस्तू ती नव्हे जी मोडत नाही. मोडली तर गावात नीट करता येते ती.

आपल्याकडे १९४५ साली के. सी. महिंद्र, जे. सी. महिंद्र आणि गुलाम मोहम्मद यांनी एक कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तेथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे कंपनीचे नाव १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' असे झाले. या कंपनीने विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत त्यांची जुळणी आरंभली आणि हळूहळू ते भाग येथेच तयार होऊ लागले. आरंभीच्या गाड्यांचे सुकाणू डाव्या बाजूला असे. मागील पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असे रंगवलेली जीप अनेकांनी पाहिली असेल. उंच बॉनेटची जी 'सीजे-३बी' आपल्याकडे घरोघर ओळखीची झाली, तिचे उत्पादन अमेरिकेत १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिची वंशावळ पुढे कित्येक दशके चालू राहिली. याचा व्यावहारिक अर्थ असा की, जन्मभूमीत जे भाग दुर्मिळ झाले ते आपल्याकडे जुन्या बाजारात मिळत राहिले.

मराठवाड्यात जीप आली ती स्वातंत्र्याच्या पाठोपाठ. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर लष्करी वाहन म्हणून ओळखलेली ही गाडी चार वर्षांत मुलकी झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास कार्यक्रम सुरू झाला, विकास गट आले, आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी लोकांच्या मनात कायमची बसली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्यावर ती जोडी अधिकच पक्की झाली. हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९५३ मध्ये आणि निर्मूलनाचा कार्यक्रम १९५८ मध्ये निघाला. फवारणीची पथके, देवी काढणारे, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण मिरवणारे आरोग्य कर्मचारी, धरणाच्या जागा पाहणारे अभियंते, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांची हजेरी पाहणारे अधिकारी, हे सर्व जीपमधूनच गेले. देवीचा रोग १९७५ नंतर या देशात राहिला नाही. त्या यशाचे श्रेय लशीला आणि माणसांना आहेच. पण लस शेवटच्या वस्तीपर्यंत कोणत्या चाकांवरून गेली हेही विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे दगडामातीच्या घरांखाली गाडली गेली, तेव्हाही सप्टेंबरअखेरच्या ओल्या काळ्या जमिनीतून वाट काढण्याची निकड पुन्हा एकदा उभी राहिली.

जीपचे गुणगान येथवर पुरे. कारण 'जुनी गाडी दुरुस्त करून घेतली' या पाच शब्दांत किती फसवणूक मावते, याचा धडाही आपल्या प्रजासत्ताकाला अगदी आरंभीच मिळाला, आणि तोही जीपनेच दिला. १९४८ साली लंडनमधील आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्या घेण्याचा करार केला. त्यातील १५५ गाड्या मद्रास बंदरात उतरल्या आणि त्या कामाच्या नाहीत असे आढळले. मालाची नीट तपासणी होण्याआधीच पैशाचा मोठा भाग दिला गेला, हा त्या व्यवहारावरील मुख्य आक्षेप होता. संसदेत वादळ उठले. १९५५ मध्ये सरकारने प्रकरण संपल्याचे जाहीर केले आणि १९५६ मध्ये मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात दाखल झाले. राजकारणाची चर्चा आम्ही येथे करीत नाही. एवढेच म्हणतो की, जुने वाहन घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने आणि हौशी गृहस्थाने हे प्रकरण ध्यानात ठेवावे: रंग पाहून पैसे देऊ नयेत, आणि पैसे देऊन मग तपासणी करू नये.

मग तपासावे काय आणि थोडा पैसा प्रथम कोठे घालावा? अनुभवी कारागीर जो क्रम सांगतात तो सामान्य माणसाच्या हौसेच्या नेमका उलट असतो. हौशी माणूस रंगापासून आरंभ करतो. जाणता माणूस कागदापासून. नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक आणि गाडीवर ठोकलेला क्रमांक एक आहे काय, इंजिन बदलले असल्यास त्याची नोंद परिवहन कार्यालयात झाली आहे काय, हे प्रथम पाहावे. कागद नसलेली जीप म्हणजे सातबारा नसलेली जमीन. कसता येईल, पण आपली म्हणता येणार नाही.

कागदानंतर चासी. मोटारीची चासी म्हणजे घराचा पाया. तिच्या पोकळ भागांत चिखल साठतो आणि लोखंड आतून खात राहतो. बाहेरून हातोडीने हळू ठोकले असता घट्ट लोखंड खणखणते आणि कुजलेले बद्द वाजते. युद्धकाळच्या जीपमध्ये तळपत्र्याखालील आधारपट्ट्यांत लाकूड भरलेले असे; ते पाणी शोषून ठेवी आणि पत्रा तेथूनच गंजे. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असल्याने तिच्या खालचा खळगाही पाणी धरतो. आपल्या भागात तर पावसाळी शेतवाटेवरून आल्यावर त्याच संध्याकाळी खालून पाणी मारून माती काढणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे. रेगूर माती वाळल्यावर विटेसारखी होते. मग ती निघत नाही आणि तिच्याआड गंज निवांतपणे आपले काम करतो.

तिसरा क्रम ब्रेक आणि सुकाणूचा. जुन्या जीपच्या ब्रेकला एकच नळीमार्ग असे. कोठेही एका चाकाजवळ गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. म्हणून चारही चाकांचे सिलिंडर, मुख्य सिलिंडर आणि रबरी नळ्या एकाच वेळी नव्या घालाव्यात. येथे काटकसर करणे म्हणजे काटकसर नव्हे. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषते, यास्तव ते दोन वर्षांनी बदलणे इष्ट. हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या दांड्यावर, ट्रान्सफर केसच्या पाठीशी असतो. तेथील ऑइल सील गळू लागले की तेल ब्रेकच्या पट्ट्यावर उतरते आणि चढावर उभी केलेली गाडी घसरते. माहूरसारख्या घाटात हे कळून आले तर फार उशीर झालेला असतो. या सीलची किंमत ती काय! आणखी एक गंमत: विलीजच्या जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. हे न जाणता कित्येकांनी पान्हा उलट फिरवून बोल्ट तोडले आहेत. इतिहास न वाचल्याचा दंड इतका रोख क्वचितच भरावा लागतो.

चारही चाकांना जोर देण्याची जी यंत्रणा, तिच्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. पुढचा दांडा जोडला की गाडी अधिक बलवान होते, म्हणून तो नेहमी जोडलेलाच ठेवावा, असे काही जण मानतात. वळणावर पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा लांबचे वळण घेतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक मिटवतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्यांना घसरता येत नाही, आणि सगळा ताण दातेरी चक्रांवर आणि दांड्यांच्या क्रॉसवर येऊन पडतो. यास्तव चिखल लागण्यापूर्वी जोडावे आणि पक्का रस्ता लागताच सोडावे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले असावेत, याचेही कारण हेच. पुढच्या धुरेच्या टोकांशी जे गोल गुडघे असतात त्यांतील सील जुने झाले की ओढ्याचे पाणी आत शिरते आणि ग्रीसचे दुधासारखे पांढरे पाणी होते. पावसाळा संपल्यावर हे गुडघे एकदा उघडून पुसून नवे ग्रीस भरणे, कमानपट्ट्यांच्या पिनांना ग्रीस पंप लावणे, ही दोन कामे घरच्या घरी होतात आणि वर्षभराचा खर्च वाचवतात.

इंजिनाकडे आम्ही मुद्दाम शेवटी आलो. कारण इंजिन उघडण्याची घाई हीच बहुधा पैशाची नासाडी करते. ऑइलचा दाब ठीक आहे, चारही सिलिंडरांत दाब जवळपास सारखा आहे, पाण्यात तेल आणि तेलात पाणी नाही, एवढे जमले तर बोअर करणे आणि क्रँक घासणे पुढे ढकलता येते. आपल्या उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा इंजिन तापते, आणि मिस्त्री 'हेड गेले' असे सांगतो. पुष्कळदा दोष रेडिएटरचा असतो. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे घातल्याने त्याच्या नळ्यांत क्षार बसलेला असतो. रेडिएटर उघडून नळ्या साफ करणे, नवा थर्मोस्टॅट घालणे आणि पुढे बोअरचे पाणी न वापरणे, हा इलाज इंजिनकामाच्या मानाने अगदी थोडक्यात होतो. पेट्रोल जीप बाळगणाऱ्यांपुढे नवा प्रश्न इथेनॉलचा आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागले. ते ओल धरते आणि जुन्या प्रकारचे रबर फुगवते. म्हणून इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलावा, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत तसेच पेट्रोल ठेवू नये. रंग आणि लांबी भरणे हे सर्वांच्या अखेरीस. तोपर्यंत रेड ऑक्साइडचा एक हात पुरे. विटकी पण थांबणारी जीप ही चकचकीत पण न थांबणाऱ्या जीपपेक्षा केव्हाही बरी.

येथे एक तात्त्विक वाद उभा राहतो. पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून पुष्कळांनी विलीजमध्ये डिझेल इंजिने बसवली. ताडपत्रीच्या जागी पत्र्याची टपे आली. सहा व्होल्टची वायरिंग जाऊन बारा व्होल्टची आली. मग ती गाडी जुनी राहिली काय? केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले, चासी, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार न केलेले खासगी वाहन त्यांत बसते; नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि नूतनीकरणास ५,००० रुपये शुल्क आहे, आणि असे वाहन नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. हा नियम संग्राहकाला सोयीचा आहे. पण शेतावर खताची पोती नेणाऱ्या जीपला तो कसा लागावा? आमचे मत असे की, दोन प्रकारच्या निष्ठा असतात. एक वस्तूच्या मूळ रूपाशी, दुसरी तिच्या कामाशी. ज्यांना जपणुकीसाठी गाडी ठेवायची त्यांनी पहिली पाळावी आणि फोर्डचा बोल्टही बदलू नये. ज्यांना ती चालवायची आहे त्यांनी दुसरी पाळावी. पण काढलेले मूळ भाग भंगारात न घालता एका पेटीत ठेवावेत आणि केलेला बदल कागदावर नोंदवावा. देवळाच्या जीर्णोद्धारात जुना दगड बाजूला ठेवतात, फोडून खडी करीत नाहीत.

या सर्व कामाला जे हात लागतात त्यांचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. एसटी जेथे पोहोचत नव्हती किंवा पुरी पडत नव्हती तेथे पुढील काळात काळी-पिवळी जीप धावू लागली. नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांतील माणसे बाजाराला, दवाखान्याला आणि परीक्षेला तिच्यातून दाटीवाटीने गेली. त्या गाड्या रात्रीतून दुरुस्त करून सकाळी पुन्हा फेरीला लावणे भाग असे. त्या निकडीने आपल्या गावांत लेथवाले, पाटेवाले, रेडिएटरवाले आणि वायरमन यांची एक पिढी तयार केली. तिचे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. नव्या गाड्यांचे दोष संगणक सांगतो आणि भाग जसाच्या तसा बदलला जातो. त्यामुळे कानाने बेअरिंग ओळखणाऱ्या या कारागिरांच्या पश्चात त्यांची विद्या कोण घेणार हा प्रश्न खरा आहे.

आणि काळही थोडा आहे. पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालू ठेवता येत नाही. ती मोडीतच निघावयाची. प्रदूषण आणि सुरक्षितता यांचा विचार करता या नियमाला अर्थ आहे, आणि प्रत्येक जुनी गाडी वाचवा असे आम्ही म्हणणार नाही. परंतु सरकारी जीपबरोबर आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे तिचे लॉगबुक. कोणत्या तारखेस गाडी कोठून कोठे गेली, किती किलोमीटर चालली, किती पेट्रोल लागले, कोण अधिकारी बसला आणि कोणत्या कामासाठी, हे सारे त्यात सहीनिशी लिहिलेले असते. १९७२ च्या दुष्काळात एखाद्या तालुक्यात अधिकारी किती वेळा फिरकला, लसीकरणाचे पथक कोणत्या गावी गेले आणि कोणत्या गावी गेलेच नाही, हे त्या मळक्या वहीइतके निःपक्षपातीपणे दुसरे कोणतेही कागदपत्र सांगणार नाही. गाडीचा लिलाव होतो आणि वह्या रद्दीत जातात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्यांच्या घरी वा गोठ्यात जुनी जीप आहे त्यांनी तिचे ब्रेक नीट करावेत, तिचे कागद सांभाळावेत आणि झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार नोंद ठेवावी. नगरपरिषदांच्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपापल्या तालुक्यातील पंचायत समितीकडे, आरोग्य केंद्राकडे आणि पाटबंधारे कचेरीकडे अर्ज करून नष्ट होण्याच्या वाटेवरील लॉगबुके मागून घ्यावीत आणि वयोवृद्ध चालकांकडून त्यांतील नोंदींचा अर्थ लिहून घ्यावा. त्यासाठी एक कपाट लागेल आणि आठवड्यातील एक दुपार. गाडी दुरुस्त करण्याहून हे काम पुष्कळ स्वस्त आहे, आणि ते यंदाच्या पावसाळ्याआधी सुरू करता येण्याजोगे आहे.